शेतकरी कोणास म्हणावें?

केंद्र सरकारची 'पीएम-किसान' योजना २०१९ सालीं निघाली. तीप्रमाणें जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षास ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, थेट बँकखात्यांत मिळतात. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'नमो शेतकरी' योजना काढून तितकीच भर घातली. पैसा मधल्या हातांना न चिकटतां घरीं येतो, हें चांगलेंच झालें.

पण आमचा सवाल असा कीं, शेतकरी कोणास म्हणावें? सरकार म्हणतें, सात-बाऱ्यावर ज्याचें नांव तो. मग जो दुसऱ्याचें रान वाट्यानें करतो, बी-खतासाठीं कर्ज काढतो व पाऊस दगावल्यास आधीं बुडतो, तो कोण? प्राप्तिकर भरणारे मालक वगळले आहेत, हें खरें. परंतु बाकीचा मालक बांधावर पाय न ठेवतांही हप्ता घेतो आणि कसणारा कोरडाच राहतो. त्याच्याजवळ कागद नाहीं. कारण कूळ लागेल या भीतीनें मालक तो करून देत नाहीं. कसणाऱ्याच्या रक्षणासाठीं झालेला १९४८ चा कूळकायदा आज त्याचें नांव लपविण्यास कारण व्हावा, हें केवढें दुर्दैव!

ओडिशा सरकारनें २०१८ सालीं काढलेल्या 'कालिया' योजनेंत वाटेकरी व भूमिहीन कुटुंबेंही घेतलीं होतीं. आपल्याकडे तें कां होऊं नये? मालकी हक्कास धक्का न लावतां ग्रामसभेनें कसणारांची यादी करावी व मदत त्यांस द्यावी.

बंधूंनो, आम्ही खेड्यांतील शिक्षक. आमच्या हजेरीपटावर मुलांपुढें ज्या बापांचीं नांवें आहेत, त्यांतील कित्येकांचीं उताऱ्यावर नाहींत. तीं कोठें तरी लागलींच पाहिजेत!