सेनेसिओला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या प्रदेशात, आटलेल्या ओढ्यांच्या वाळूत, सेनेसिओ फ्लॅक्सिडस नावाचे झुडूप वाढते. फार तर कमरेएवढी उंची, दोऱ्यासारखी बारीक राखट पाने आणि पिवळीधमक फुले. कुळ सूर्यफुलाचे. तिकडच्या गोष्टी मराठीत येताना अशा झाडाचे बहुधा ‘रानझुडूप’ होते, नाहीतर ‘पिवळी रानफुले’. ही सोय मला पटत नाही.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने अनुवादाच्या मसुद्यात या झुडपासाठी थेट ‘सोनकी’ हा शब्द योजला. वाचताक्षणी आनंद झाला, कारण त्यात शास्त्राची चूक नाही. भाद्रपदात सह्याद्रीचे उतार पिवळे करणारी आपली सोनकीही सेनेसिओच; प्रजाती वेगळी, पण घराणे एकच. तरीही मी तो शब्द खोडावा असे सुचवले.

सोनकी वर्षायू आहे. पावसावर उगवते आणि पावसाबरोबर सरते. शब्द उच्चारला की धुके, ओले कातळ, गौरी-गणपतीचे दिवस असे सारे काही आपोआप मागोमाग येते. ते वाळवंटी झुडूप मात्र वर्षानुवर्षे तग धरते. त्याचे पान दोऱ्याएवढे बारीक आहे, म्हणजे उन्हात पाणी गमावणारा पृष्ठभाग तेवढा कमी. शिवाय त्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात, आणि ती गुराघोड्यांचे यकृत निकामी करतात. एरवी जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. दुष्काळात गवत संपले की लावतात. तेव्हा पशुपालकाच्या कथेत ही पिवळी फुले उत्सवाची नसतात. तिथे ‘सोनकी’ लिहिणे म्हणजे भीतीच्या जागी सण मांडणे.

मग लिहावे काय? माझ्या मते पहिल्या उल्लेखात सरळ ‘सेनेसिओ’ लिहावे आणि दोरपानांचे वर्णन नीट करावे. वाचक अडखळेल हा आक्षेप मला ठाऊक आहे. मेरी ऑस्टिनने ‘द लँड ऑफ लिटल रेन’ (१९०३) मध्ये वाळवंट न पाहिलेल्या वाचकालाही झाडांच्या नावांतून सूट दिलेली नाही. आपण ती का द्यावी?

आणि मराठीला इथे अगदीच हात हलवत परतावे लागते असेही नाही. सेनेसिओ हे नाव लॅटिनमधील ‘सेनेक्स’, म्हणजे म्हातारा, या शब्दावरून आले. बियांवरच्या पांढऱ्या केसांच्या झुबक्यामुळे. ग्रीकांच्या ‘इरिगेरॉन’ या नावातही म्हाताराच दडलेला आहे. आपल्याकडे रुईचे किंवा सावरीचे असे तरंगते बी पकडायला धावणारी मुले त्याला काय म्हणतात? म्हातारी! रोमनांना पुरुष दिसला, आपल्याला बाई दिसली. पिकलेले केस तेच. म्हणून मूळ मजकुरात त्या झुडपाचे बी वाऱ्यावर उडू लागले, की अनुवादकाने बेधडक ‘म्हातारी’ लिहावे. तिथे तळटीपही नको.

विद्यार्थ्याने ‘म्हातारी’ आनंदाने घेतली. गुरे मरतात त्या प्रसंगात मात्र त्याने ‘सोनकी’ कायम ठेवली आहे. ओळखीचे फूल विषारी निघाले तरच वाचक दचकेल, असे त्याचे म्हणणे. मला ते अजून पटलेले नाही.