दाखलाच चुकीचा



आपल्या दुष्काळावरील लेखात, देव न्यायी आहे असे मानणारा माणूस हातपाय गाळून बसतो, असे म्हटले आहे, आणि दाखला दिला आहे तो तुकोबांचा! १६३०च्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेल्यावर ते नुसते भंडारा डोंगरावर जाऊन बसले नाहीत. देहूचे मोडकळीस आलेले देऊळ त्यांनी सावरले. चरित्रपरंपरा सांगते, की आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा मात्र त्याच्या हाती दिला. दुष्काळाने पिचलेल्यांकडचे येणे सोडून देणे हा दैववाद? आणि विठ्ठलाशी त्यांच्याइतके कडाडून भांडले कोण? ज्याच्या न्यायावर भरवसा नाही, त्याच्या दारी कोणी फिर्याद नेत नाही. लेखकाने पुढचा लेख लिहिण्याआधी गाथा उघडावी.

– एक वाचक, पंढरपूर