बिनमाणसांचं शहर, एकोणीस कोटींना



सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात एक शहर विकलं गेलं. भाव १९ कोटी १९ लाख रुपये. अकबर पदमसी यांचं 'ग्रीक लँडस्केप', १९६० सालचं, जवळजवळ बारा फूट लांब. सगळं करडं. घरावर घर रचलेलं, अन् माणूस एकही नाही. चित्रकार कृष्ण खन्ना यांनी ते १९६० मध्ये एक हजार रुपयांना घेतलं होतं. छप्पन वर्षांत एक लाख नव्वद हजार पट!

आपल्या वस्तीतला कुणीही विचारील, यामा आमनं काय शे?

आहे ना. रंग आपला आहे. हे चित्र तैलरंगातलं नाही, प्लॅस्टिक इमल्शनमधलं आहे. भिंतीला देतात तोच रंग. जळगावच्या नव्या कॉलन्यांत, धुळ्याच्या देवपुरात आपलीच पोरं परांचीवर चढून तो फासतात आणि संध्याकाळी दिवसाचा रोज घेऊन घरी जातात. त्यांचा हिशेब तिथंच संपतो.

पदमसींशी माझं भांडण नाही. त्यांना शहर जसं दिसलं तसं त्यांनी रंगवलं. माझं भांडण भावाशी आहे.

लिलाव खान्देशाला नवा नाही. बाजार समितीत ढिगाभोवती व्यापारी बोली लावतात. शेतकरी निदान ढिगाजवळ उभा असतो. निंदणी करणारी बाई आणि सालदार मात्र तिथं नसतात. त्यांची मजुरी आधीच मोजून झालेली. पुढे भाव कितीही चढो, त्यांच्या ताटात काही पडत नाही.

चित्रकारासाठी कायद्यानं दार थोडं किलकिलं केलंय. कॉपीराइट कायद्याचं कलम ५३-अ म्हणतं : मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. तत्त्व शंभर टक्के बरोबर! मग ते चित्रापाशीच का थांबतं? बिल्डिंग पुन्हा पुन्हा विकली जाते, तेव्हा गवंड्याचा वाटा कुठंय? कापसाची गाठ हात बदलत जाते, तेव्हा वेचणारीचा वाटा कुठंय? घाम एकदाच विकत घ्यायचा आणि नफा जन्मभर खायचा, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी सांगितलं, गाव सोडा, शहरात जा. आम्ही आलो. शहरानं जागा दिली नाल्याकाठी, रुळांकाठी. आम्ही शहर बांधलं, झाडलं, त्याची गटारं उपसली. तरी प्रस्थापितांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या शहरात आम्ही नाही. सुधीर पटवर्धनांनी कामगार रंगवला, हे मान्य. पण आमची वस्ती आमच्या नजरेनं कोण रंगवणार? कुणाची वाट बघायची?

जयंतीला भिंतीवर बाबासाहेब उभे करणारे हात आपल्याकडं आहेत. त्या हातांना पेंटर म्हणतात, चित्रकार म्हणत नाहीत. ही भाषेतली वर्णव्यवस्था आहे, ती मोडा. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या आठवणीसाठी ३१ जुलैला तिथं माणसं जमतात. येत्या ३१ जुलैला रिकाम्या हातानं येऊ नका. डब्याच्या तळाशी उरलेला रंग घ्या, आपापली वस्ती माणसांसकट रंगवा, खाली स्वतःचं नाव ठळक लिहा आणि घेऊन या.

भाव कोण काय करायचा तो करो. वाटा आम्ही मागणार!

जय भीम!