अठरा वर्षांच्या मुलांचा वायदेबाजार

कापूस, गूळ, सोने यांचा वायदेबाजार असतो हे सर्वांना ठाऊक आहे. माल हाती येण्यापूर्वीच त्याची किंमत ठरवावयाची आणि अंदाज चुकल्यास तोटा मुकाट्याने सोसावयाचा, हे त्या बाजाराचे तत्त्व. उत्तर अमेरिकेत दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी असाच एक बाजार भरतो. मात्र तेथे माल म्हणून उभी असतात ती अठरा वर्षांची मुले. बर्फावरील हॉकीच्या नॅशनल हॉकी लीग या धंदेवाईक संघटनेचे ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये एकूण २२४ तरुणांवर आपापला हक्क नोंदवितात. या निवड-पद्धतीला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. एकदा एका संघाने नाव उच्चारले की त्या लीगमध्ये त्या मुलाशी करार करण्याचा अधिकार ठराविक काळापर्यंत त्या एकाच संघाकडे राहतो.

या बाजारात संघांचे पगारी पारखी असतात हे साहजिकच होय. परंतु त्यांच्या जोडीला हजारो बिनपगारी पारखीही असतात. ते म्हणजे या खेळाचे शौकीन. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचे सामने कॅनडातील लहानसहान गावांमध्ये होतात. ते हे लोक नेमाने पाहतात. नाताळ ते नववर्ष या काळात वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९७७ पासून भरत आली आहे. ती तर त्यांची पर्वणीच. कोण स्केटवर चपळ, कोणाचा फटका जोरकस, कोणाला खेळाची समज अधिक, कोणाची उंची कमी, याची टिपणे ते ठेवतात आणि वर्षभर क्रमवार याद्या बनवीत राहतात. हा पहिल्या फळीचा, तो तिसऱ्या फळीचा, तिसरा कधीच वर येणार नाही, असे निकालही देऊन टाकतात.

या हौसेत मुळात वाईट असे काही नाही. गुणांची पारख करणे हा मानवी स्वभाव आहे, आणि खेळाचा अर्धा आनंद त्यातच असतो. प्रश्न एवढाच आहे की, या भाकितांचा नफा कोणाच्या पदरी पडतो आणि ती चुकली म्हणजे तोटा कोणाच्या माथी येतो?

पाळण्यातील पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. बर्फावरील हॉकीचा इतिहास या म्हणीला फारसा अनुकूल नाही. १९९३ साली ऑटावाच्या संघाने अलेक्सांद्र डेग या तरुणाला पहिल्या क्रमांकाने निवडले आणि पाच वर्षांसाठी सव्वा कोटी डॉलरच्या आसपास वेतन देऊ केले. तो लीगमध्ये ६१६ सामने खेळला. पण ज्या असामान्य कर्तृत्वाची अपेक्षा होती ते त्याच्या हातून घडले नाही. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाने निवडला गेलेला ख्रिस प्राँगर मात्र २००० साली लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. १९८९ मध्ये डेट्रॉइटने स्वीडनच्या निकलास लिडस्ट्रॉमला ५३ व्या क्रमांकाने घेतले. सर्वोत्तम बचावपटूचा सन्मान पुढे त्याने सात वेळा मिळविला. १९८४ मध्ये लुक रोबिताय याच्यापूर्वी १७० नावे पुकारली गेली होती. त्याने ६६८ गोल केले. मार्टिन सेंट लुई याचे नाव तर कोणत्याच फेरीत आले नाही. ठेंगणा म्हणून सर्वांनी नाकारलेला हा खेळाडू २००४ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवून गेला आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने स्टॅनले चषक जिंकला.

हे केवळ अपवाद आहेत असे म्हणून चालणार नाही. पहिल्या काही क्रमांकांचे खेळाडू बहुधा चमकतात हे खरे. त्यानंतर मात्र वरच्या आणि खालच्या क्रमांकांतील अंतर झपाट्याने पुसट होत जाते. त्याची कारणेही उघड आहेत. अठराव्या वर्षी शरीराची वाढ पूर्ण झालेली नसते. बचावपटू आणि गोलरक्षक तर पंचविशीकडे झुकल्यावरच पुरते तयार होतात. शिवाय आज पाहावयाचे ते मुलांचे मुलांशी झालेले सामने आणि भाकीत करावयाचे ते प्रौढांशी होणाऱ्या झुंजीचे!

जन्ममहिन्याचा प्रकार तर अधिकच बोलका आहे. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारी या तारखेवरून ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात; वस्तुतः त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. लहानपणी हे वर्ष मोठे असते. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला चांगला मार्गदर्शक आणि अधिक सराव मिळतो, आणि मग तो खरोखरीच पुढे जातो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९८५ च्या सुमारास ही गोष्ट प्रथम दाखवून दिली. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८० ते २००६ या काळातील निवडी तपासल्या गेल्या. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले त्यांच्या नंतरच्या कामगिरीच्या मानाने बरीच उशिरा निवडली गेली होती, असे त्यातून निष्पन्न झाले. म्हणजे ज्याला पारखी गुण समजतात त्यात पंचांगाचाही वाटा असतो.

या बाबतीत शौकिनांना हसणे आणि तज्ज्ञांना डोक्यावर घेणे हेही न्यायाचे नव्हे. २०२२ मध्ये माँट्रियलच्या संघाने आपल्याच गावच्या प्रेक्षकांसमोर स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीला पहिला मान दिला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कारण शेन राइट हाच पहिला ठरेल अशी बहुतेक शौकिनांची खात्री होती, आणि लीगच्या स्वतःच्या पारखी विभागानेही उत्तर अमेरिकेतील खेळाडूंत राइटलाच अग्रस्थान दिले होते. राइट चौथ्या क्रमांकावर गेला. १९७४ सालचा किस्सा तर सर्वश्रुत आहे. निवडीच्या लांबलचक आणि कंटाळवाण्या पद्धतीला वैतागून बफेलो संघाचे व्यवस्थापक पंच इम्लॅक यांनी १८३ व्या क्रमांकावर तारो त्सुजिमोटो नावाच्या जपानी खेळाडूची निवड केली. असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता; तरीही लीगच्या दप्तरात त्याची रीतसर नोंद झाली. ज्या पद्धतीत काल्पनिक माणूसही काही काळ खपून जातो, तिच्या अचूकतेविषयी किती अभिमान बाळगावा?

पराभवाचा जयघोष

या पद्धतीचा उगम समतेच्या हेतूने झाला, हे मान्य केले पाहिजे. १९६३ पूर्वी श्रीमंत संघ कुमारांच्या संघांना पैसा पुरवीत आणि कोवळ्या वयातील मुलांना करारात अडकवून ठेवीत. पुढे महान ठरलेला बॉबी ऑर १९६२ मध्ये बोस्टनशी करारबद्ध झाला तेव्हा अवघा १४ वर्षांचा होता. ५ जून १९६३ रोजी माँट्रियलच्या एका हॉटेलात सहा संघांच्या प्रतिनिधींनी २१ मुले आपसांत वाटून घेतली आणि नवी पद्धती रूढ झाली. पुढे दुबळ्या संघाला निवडीचा पहिला मान मिळू लागला. संघासंघांत समता आली. परंतु मुलाला मालक निवडण्याचे स्वातंत्र्य पूर्वीही नव्हते आणि नंतरही मिळाले नाही. पूर्वी त्याला एक संघ बांधून घेई. आता त्याने कोठे जावयाचे हे सर्व संघ मिळून ठरवितात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही ग्राहकाची मक्तेदारी होय.

दुबळ्याला बक्षीस देणाऱ्या प्रत्येक योजनेत दुबळे राहण्याचा मोह दडलेला असतो. १९९३ मध्ये ऑटावाच्या संघावर डेगसाठी मुद्दाम हरल्याचा संशय घेतला गेला. चौकशीत तो सिद्ध झाला नाही. परंतु १९९५ पासून लीगने पहिल्या मानासाठी सोडत काढावयास प्रारंभ केला. मोह मात्र संपला नाही. २०१५ च्या मार्चमध्ये बफेलो येथे एक विलक्षण दृश्य दिसले. पाहुण्या ॲरिझोना संघाने जादा वेळेत विजयी गोल केला आणि यजमान प्रेक्षकांतील अनेकांनी आनंदाने जल्लोष केला! संघ तळाला राहिला तर कॉनर मॅकडेव्हिड हा असामान्य मुलगा हाती लागेल, असा त्यांचा हिशेब होता. सोडतीत तो एडमंटनकडे गेला. बफेलोला दुसऱ्या क्रमांकाने जॅक आयकेल मिळाला. तोही २०२१ मध्ये दुसऱ्या संघाकडे गेला आणि २०२३ मध्ये त्या संघाबरोबर चषकाचा मानकरी झाला. बफेलोचा संघ मात्र २०११ नंतर २०२५ पर्यंत एकदाही अंतिम टप्प्याच्या बाद फेरीत पोहोचला नाही. तेलही गेले आणि तूपही गेले.

आपल्याच संघाच्या पराभवावर टाळ्या वाजविणारा प्रेक्षक मूर्ख असतो असे नाही. तो हिशेबी असतो. पण तो हिशेब मालकाचा असतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. अठरा ते एकवीस या वयात पहिला करार करणाऱ्याला तीन वर्षांपुरते, कमाल मर्यादा घातलेले वेतन मिळते. हवा तो मालक निवडण्याची पूर्ण मुभा साधारणतः २७ व्या वर्षी अथवा सात हंगामांनंतरच लाभते. म्हणजे तरुण आणि गुणी खेळाडू हा संघाला सर्वांत स्वस्त पडणारा श्रमिक होय. शौकीन जेव्हा त्याला ‘मालमत्ता’ म्हणतो, ‘आता विकून टाका’ असा सल्ला देतो, तेव्हा महिनाअखेर स्वतःच्या पगाराची वाट पाहणारा हा माणूस दुसऱ्याच्या पगाराविषयी मात्र मालकाच्या भाषेत बोलत असतो.

तोट्याचा धनी

भाकीत फसले तर संघाचे काय जाते? एक क्रमांक वाया गेला. पुढील वर्षी दुसरा मिळेल. शौकिनाचे तर काहीच जात नाही. ज्याने जोरात खात्री दिली होती तोच पुढे ‘मला आधीपासून शंका होती’ असे म्हणू लागतो. मुलाचे मात्र तारुण्य खर्ची पडलेले असते. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून तो परक्या गावी यजमान कुटुंबात राहतो, आठवड्याकाठी अनेक सामने आणि लांबचे बसप्रवास करतो. तिकिटे विकली जातात. त्याला मिळतो तो किरकोळ भत्ता. २०१४ मध्ये माजी कुमार खेळाडूंनी किमान वेतनासाठी सामूहिक दावा दाखल केला. संघचालकांचा बचाव असा की, ही मुले कामगार नसून विद्यार्थी-खेळाडू आहेत. २०१८ मध्ये ऑन्टॅरिओच्या सरकारने या खेळाडूंना किमान वेतनादी कायद्यांच्या कक्षेतून वगळले. इतर काही प्रांतांनी ते आधीच केले होते.

चालकांची बाजूही सांगितली पाहिजे. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाचे उच्च शिक्षणाचे शुल्क देण्याची योजना तेथे आहे, आणि अनेकांना तिचा लाभ झाला आहे. अमेरिकन विद्यापीठांच्या प्रमुख स्पर्धांची दारे या मुलांना पूर्वी बंद होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या निर्णयाने ती २०२५ पासून उघडली. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय आयुष्यभर पाठीशी लागू नये, या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह आहे.

मग निवडीचे वयच वाढवावे काय? माहिती जितकी अधिक तितकी चूक कमी, या न्यायाने तसे वाटणे स्वाभाविक आहे. १९७० नंतरच्या दशकात ही मर्यादा साधारणतः २० वर्षांची होती. परंतु १९७७ मध्ये केन लिन्समन या तरुणाने तशाच एका नियमाविरुद्ध अमेरिकन न्यायालयात दाद मागितली. कमावण्याची पात्रता असलेल्याला केवळ वयासाठी अडविणे न्यायालयाला मान्य झाले नाही. ते योग्यच होते. पारख्यांच्या सोयीसाठी गुणी मुलाची मिळकत लांबणीवर टाकणे हा उपाय नव्हे. खरा उपाय म्हणजे भाकिताची जोखीम ज्याच्या श्रमावर नफा मिळतो त्या मुलावर न टाकता नफा घेणाऱ्यांवर टाकणे. कुमार खेळाडूला कामाचा रास्त मोबदला द्यावा. शिक्षणाचा हक्क धंदेवाईक करार केला म्हणून बुडू नये. आणि यश न लाभलेल्याला दुसरा मार्ग धरण्यास पुरेशी मुदत मिळावी.

शौकिनांनी याद्या करू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु वीस वर्षांच्या मुलाच्या नावापुढे ‘फुकट गेलेला’ असा शेरा मारण्यापूर्वी त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, अशा प्रसंगी नापास झालेले असते ते भाकीत, मुलगा नव्हे. ज्या मुलाने कोणतेही वचन दिले नव्हते त्याच्यावर वचनभंगाचा आरोप ठेवणे, हा खेळाचा शौक नव्हे. तो वायदेबाजारातील हरलेल्या सटोडियाचा त्रागा आहे, आणि त्या त्राग्याची किंमत त्या मुलाने मोजावी, असा कोणताही न्याय नाही.