यादीत नाव नाही

इंटेलचा कोअर आय-सेव्हन ७७००के हा प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आला. चार कोअर, ४.२ गिगाहर्ट्झ. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच कंपनीने सेलेरॉन एन४००० आणला. दोन कोअर, १.१ गिगाहर्ट्झ. पहिल्यावर लोक अजूनही व्हिडिओ एडिटिंग करतात. दुसऱ्यावर ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या एकदम उघडल्या की उठून चहा टाकायला वेळ मिळतो. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सेलेरॉन आहे. आय-सेव्हन नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज चालेल का, असे विचारले की दुकानदार जे उत्तर देतो ते या यादीवरचे असते. यंत्राच्या ताकदीचा हिशेब निराळा आहे. २०२४ साली आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट सूचना असल्याच पाहिजेत, नसतील तर विंडोज ११ सुरूच होत नाही. इंटेलपुरते बोलायचे तर त्या २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या कोअर आय पिढीपासून आहेत. म्हणजे कोअर टू ड्युओवाल्याने आशा सोडावी हे खरेच. पण यादी सुरू होते ती २०१७ च्या आठव्या पिढीपासून. मधल्या नऊ वर्षांतल्या यंत्रांना चालता येते, चालायची परवानगी तेवढी नाही.

परवानगी कशी मिळते हेही पाहण्यासारखे आहे. लॅपटॉपच्या सातव्या पिढीतला एकच प्रोसेसर, आय-सेव्हन ७८२०एचक्यू, मागाहून काही निवडक यंत्रांपुरता यादीत घेतला गेला. मायक्रोसॉफ्ट स्वतः विकत असलेल्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये तोच होता. योगायोग म्हणायचा! शिवाय रजिस्ट्रीत एक नोंद करून प्रोसेसरची अट कशी ओलांडायची, हे कंपनीनेच आपल्या संकेतस्थळावर लिहिले होते. खाली इशारा, की पुढे अपडेट मिळतीलच असे समजू नका. पुढचे दार बंद, मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली, आणि आत आलात तर तुमची जबाबदारी तुमच्यावर.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. टीपीएम २.० ही चिप गुप्त किल्ल्या सांभाळते, सिक्युअर बूटमुळे यंत्र सुरू होतानाच शिरणारे व्हायरस अडतात, आणि विंडोजच्या गाभ्याचे (कर्नलचे) संरक्षण नव्या प्रोसेसरवर फारसा वेग न घालवता होते. अटीत न बसणाऱ्या यंत्रांवर गाभ्याच्या पातळीवरचे क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त आढळले, असेही कंपनीने २०२१ मध्ये सांगितले. हे मान्य करूनही प्रश्न उरतो तो वेळेचा. सातव्या पिढीचे लॅपटॉप २०१८ मध्येही दुकानांत नवे म्हणून मिळत होते. विंडोज १० चा शेवट १४ ऑक्टोबर २०२५ ला, हे तेव्हा जाहीर होते. त्यापुढे या लॅपटॉपला वाटच नाही, हे कोणी सांगितले नाही. उलट विंडोज १० ही शेवटचीच विंडोज, असे मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने २०१५ मध्ये जाहीर व्यासपीठावरून म्हटले होते. मुदत संपल्यावर घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट देऊ केले गेले; त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा.

यंत्र टाकण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ असे रोमन लिपीत टाइप करावे. चिप सापडत नाही असा निरोप आला तरी घाबरू नये; गेल्या दशकातल्या कित्येक यंत्रांत ती सोय बायोसमध्ये नुसती बंद करून ठेवलेली असते, इंटेलच्या यंत्रांत पीटीटी या नावाने. आणि यंत्र रखडते म्हणून ते म्हातारे ठरवण्याआधी आत फिरती हार्डडिस्क आहे का ते बघावे. तिच्या जागी एसएसडी बसवली की निम्म्या तक्रारी संपतात.

उरलेल्यांना जाणकार मंडळी एका शब्दात सल्ला देतात : लिनक्स. सल्ला चांगला आहे. लिनक्स मिंट चार जीबी रॅमवर नीट चालते, फुकट आहे, आणि बँक, मेल, यूट्यूब एवढेच करणाऱ्या घराला फरक जाणवणारही नाही. पण तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्याला हा सल्ला देऊन बघा. त्याच्याकडे पेजमेकर आहे, कोरलड्रॉ आहे, श्रीलिपी आहे, तिचे डोंगल मागे खोचलेले आहे. पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, दिवाळी अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. लिनक्सवर हे सगळे सुखासुखी चालत नाही, आणि नव्या विंडोजवर जुने पेजमेकर रुसणारच नाही याची हमी कोण देणार? त्याने ते यंत्र नेटपासून तोडून तसेच ठेवावे आणि मेलसाठी दुसरे वापरावे, यापलीकडे मला तरी काही सांगता येत नाही. त्याच्या पोटापाण्याचे सॉफ्टवेअर कोणत्याच यादीत धरलेले नाही.

ॲपलचे धोरण मायक्रोसॉफ्टहून उदार नाही, पण इंटेलवरच्या मॅकसाठी मॅकओएस टाहो ही शेवटची आवृत्ती, हे त्या कंपनीने जून २०२५ मध्ये आधीच सांगून टाकले. युरोपीय संघ आणखी पुढे गेला. २० जून २०२५ पासून तिथे मोबाइल आणि टॅबलेटच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबली तरी त्यानंतर किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट देणे बंधनकारक आहे. कॉम्प्युटर त्यात नाहीत. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो, पण खरेदीदार म्हणून सरकारच मोठे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी संगणक घेताना निविदेत रॅम किती, हार्डडिस्क किती, वॉरंटी किती वर्षांची, हे सारे विचारले जाते. त्याखाली आणखी एक ओळ घालायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही : या यंत्राला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ते पुरवठादाराने लेखी द्यावे.