घर झालें, आतां माग व तराजू!

सोलापूरच्या नवी पेठेंत गिऱ्हाईक चादरीची घडी उलगडतें, पोत पाहतें, दराची घासाघीस करतें आणि निघून जातें. ती चादर ज्या हातांनीं विणली त्यांच्या घरीं चूल कशी पेटते, हें विचारण्याची बाजाराची रीत नाहीं. आम्ही आज तेंच विचारणार आहों.

मागावर राबणारा पुरुष आणि त्याच घरांत विड्या वळणारी बाई, असे जोडसंसार या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. बाईनें पान कापावें, तंबाखू भरावी, सूत बांधावें. मजुरी मिळणार ती हजार विड्यांच्या हिशेबानें. तिचा दिवस कोणी मोजीत नाहीं, विडी मोजतात. विडी कामगारांसाठीं १९६६ सालीं कायदा झाला. पण काम घरोघर विखुरलेलें, तेव्हां कायद्याला तरी तें घर सांपडावें कसें?

अशा बायांनीं स्वतःचीं घरें मिळविलीं! नरसय्या आडम यांच्या लाल बावट्याच्या संघटनेनें त्यांना एकत्र केलें, सहकारी गृहनिर्माण संस्था काढल्या, मोर्चे नेले. साठ हजारांचें घर. त्यांत वीस हजार केंद्र सरकारचे, वीस राज्य सरकारचे व वीस बाईच्या स्वतःच्या घामाचे. कुंभारी येथें अशीं दहा हजार घरें उभीं राहिलीं व १ सप्टेंबर २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे हस्तें तीं दिलीं गेलीं. वसाहतीस नांव गोदूताई परुळेकरांचें. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभें करणाऱ्या त्या बाई. पुढें तेथेंच असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांचें रे नगर ठरलें; त्यांतील पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं दिलीं. सरकारें बदललीं, मागणी बदलली नाहीं. म्हणून यास कोणा सरकारची कृपा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

परंतु, भगिनींनो, दार तुमचें झालें तरी पान, तंबाखू व तराजू कोणाचा? घर मिळालें म्हणून मजुरी वाढत नाहीं. यासाठीं केरळांतील कण्णूरकडे पाहा. विडी कामगारांचा कायदा लागू होतांच तेथील कारखानदारांनीं १९६८ सालीं कारखाने बंद केले. सुमारें बारा हजार लोक उघड्यावर पडले. त्यांनीं सरकारच्या मदतीनें १९६९ सालीं दिनेश विडी ही आपलीच सहकारी संस्था काढली. पुढें विडीचा खप घटूं लागला, तेव्हां रडत न बसतां त्या संस्थेनें खाद्यपदार्थ, छत्र्या व कपडे करण्यास आरंभ केला. तंबाखूच्या धुळींत छाती झिजविणाऱ्या सोलापूरच्या बायांनीं हा शेवटला धडा आधीं गिरवावा.

एक इशाराही देतों. पाटी सहकाराची आणि गादी सावकाराची, असल्या संस्था आपल्या लोकांनीं पुष्कळ पाहिल्या आहेत. शेतकऱ्याची सोसायटी असो कीं विणकराची, भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घेणें हें कायद्यानें बंधनकारक आहे. त्या सभेस जा, हिशेब वाचून दाखवावयास सांगा. अक्षर येत नसेल तर शाळेंत जाणारी मुलगी बरोबर न्या. जो सभासद विचारीत नाहीं, त्याच्या पैशावर दुसरा मोठा होतो.

वीस वीस हजार घालून ज्यांनीं गांव वसविलें, त्यांना आपला माग, आपलें शिलाईघर व नवी पेठेंत आपलें दुकान कां काढतां येऊं नये? चादर आपण विणावी, भाव दुसऱ्यानें ठरवावा, हें किती दिवस चालावयाचें? घराच्या वेळीं जी एकी केली, तीच आतां धंद्यांत करा!