बाक खूप झाले, आता माणूस नेमा

मंडळी, आपल्याकडे ज्येष्ठांसाठी काम म्हणजे काय? बागेत बाक, बाकावर नगरसेवकाचं नाव, आणि १ ऑक्टोबरला शाल-श्रीफळ. फारच झालं तर विरंगुळा केंद्रात एक कॅरम बोर्ड. बाकाला माझा विरोध नाही, दुखऱ्या गुडघ्यांना तो लागतोच. पण जो अंथरुणाला खिळलाय तो त्या बाकापर्यंत येणार कसा?

हा प्रश्न विचारायला शिकवणारे विषय आहेत, कुटुंबशास्त्र आणि वार्धक्यशास्त्र. एखाद्या मुलीनं ते घेतले की नातेवाईक सुरू होतात, "म्हातारी माणसं सांभाळायला डिग्री कशाला? आम्ही नाही का सांभाळली?" सांभाळली हो. पण कुणी? घरातल्या सुनेनं. ती रात्री किती तास झोपते, हे तिला कधी विचारलंत?

साधं उदाहरण घ्या. "सून जेवायला देत नाही," असं आजी जिन्यात सगळ्यांना सांगते. सोसायटी निकाल देऊन मोकळी! शिकलेली कार्यकर्ती आधी बघेल, की आजी जेवल्याचं विसरतेय का, कवळी टोचते म्हणून ताट सरकवतेय का, की खरंच उपाशी ठेवताहेत. पहिल्यात डॉक्टर लागतो, दुसऱ्यात दाताचा डॉक्टर, तिसऱ्यात कायदा. आणि सासू-सुनेशी ती वेगवेगळं बोलेल, कारण एकमेकींसमोर दोघीही खरं सांगणार नाहीत. हे नुसत्या मायेनं जमत नाही, शिकावं लागतं.

आता गंमत बघा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. मुलं बघत नसतील तर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. सुनावणीआधी प्रकरण समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं, आणि त्यानं महिन्याभरात अहवाल द्यायचा, असं कलम ६ सांगतं. हा अधिकारी सरकारीच हवा असंही नाही. न्यायाधिकरण बाहेरच्या माणसालाही नेमू शकतं. म्हणजे शिकलेल्या पोरापोरींसाठी कायद्यानं खुर्ची मांडून ठेवलीय! मग त्यांना बसवायला काय हरकत आहे? पोटगीचा आकडा कुणीही लिहील. आदेशानंतर त्याच दोन खोल्यांत बाप आणि मुलगा राहणार कसे, ते कोण बघणार?

ही मुलं आज संस्थांच्या वर्ष-दोन वर्षांच्या प्रकल्पांवर राबतात. प्रकल्प संपला की घरी. वर आपणच म्हणायचं, "या लाइनीत स्कोप नाही." स्कोप भरपूर आहे हो, पोस्ट नाही.

"पैसा कुठून आणायचा?" असं विचारणाऱ्यांनी आपल्या वॉर्डात गेल्या पाच वर्षांत किती बाक आणि कमानी झाल्या, तेवढं मोजून यावं. मग बोलू.

आपल्या प्रांत कार्यालयात समेटासाठी कुणाला नेमलंय, त्यांचं शिक्षण काय आणि वर्षभरात किती प्रकरणं त्यांच्याकडे गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो.